जुन्या संगणकांचा सामूहिक ज्ञानसंग्रह : कोश की साधने?
(पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा)

बीजसंज्ञा : जुने संगणक, सामूहिक ज्ञाननिर्मिती, कोशपरंपरा, मौखिक साक्ष, साधनसंग्रह, पालघर जिल्हा.

१. प्रास्ताविक

प्रत्येक महाविद्यालयात जडवस्तूंची एक नोंदवही असते. कार्यालयीन बोलीत तिला 'डेड स्टॉक रजिस्टर' म्हणतात. वर्षातून एकदा तिची पडताळणी होते आणि काही वर्षांनी निर्लेखन समिती बसून निरुपयोगी वस्तूंची यादी मंजूर करते. प्रस्तुत लेखकाने अशा एका पडताळणीच्या वेळी संगणकांची पाने उलटून पाहिली. अनुक्रमांक, वस्तूचे नाव, खरेदीचा दिनांक, पुरवठादार, किंमत आणि शेरा असे रकाने होते. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द होता, 'नादुरुस्त'. हे यंत्र कितीला घेतले, हे ती नोंदवही पै-पैशासह सांगत होती. त्यावर कोणी, कोणते काम केले, ते कसे चालत असे आणि कशामुळे बंद पडले, यांविषयी तिच्यात एक अक्षरही नव्हते.

नोंदवहीचा हा दोष लेखापालाचा नाही. ज्ञान साठवण्याच्या आपल्या पद्धतीतच ही उणीव आहे. जुन्या संगणकांविषयीचे ज्ञान सर्वांनी मिळून संकलित करावे आणि ते महाजालावर सर्वांस खुले असावे, ही कल्पना जगभरातील हौशी अभ्यासकांनी गेल्या काही दशकांत प्रत्यक्षात आणली आहे. ही कल्पना आपल्याकडे, विशेषतः पालघर आणि बोईसर-तारापूर यांसारख्या औद्योगिक परिसरात, कोणत्या रूपात रुजू शकेल, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अशा संग्रहाची उभारणी ज्ञानकोशाच्या प्रतिमानावर करणे ही घाई ठरेल. आज आवश्यकता कोशाची नसून साधनसंग्रहाची आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

२. 'जुना संगणक' म्हणजे काय?

पाश्चात्य हौशी अभ्यासकांच्या मनातील जुना संगणक हा प्रामुख्याने घरातला संगणक आहे. १९७५ चा अल्टेअर ८८००, १९७७ चा ॲपल-टू, १९८२ चा कमोडोर-६४ ही त्यांची आराध्ययंत्रे. ही यंत्रे व्यक्तींनी विकत घेतली, त्यांच्या माहितीपुस्तिका घरच्या कपाटात राहिल्या, त्यांवरील नियतकालिकांच्या फायली जपल्या गेल्या. पुढे जेव्हा त्यांच्या ज्ञानाचे संकलन सुरू झाले, तेव्हा यंत्राचा मालक, वापरकर्ता आणि नोंदकर्ता ही बहुधा एकच व्यक्ती होती.

आपल्याकडे संगणक घरात फार उशिरा आला. तो प्रथम संस्थेत आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडवलेला 'टिफ्रॅक' हा संशोधकांचा संगणक होता. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि त्याची स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची होती. अणुऊर्जा खात्याच्या तुर्भे येथील केंद्रात १९६९ च्या सुमारास टीडीसी-१२ घडला आणि या मालिकेतील यंत्रांचे उत्पादन हैदराबादच्या ईसीआयएलकडे गेले. आयबीएम कंपनीने १९७८ मध्ये भारतातील कारभार आवरला, तेव्हा तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. १९८० च्या दशकात राष्ट्रीयीकृत बँकांच्या शाखांत खातेवहीच्या नोंदी करणारी 'एएलपीएम' यंत्रे आली. १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाच्या 'क्लास' प्रकल्पातून बीबीसी मायक्रो शाळांत पोहोचले आणि त्याचीच भारतीय आवृत्ती 'युनिकॉर्न' या नावाने मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने काढली.

या सर्व उदाहरणांत एक समान धागा आहे. यंत्राचा मालक संस्था होती आणि त्यावर काम करणारा माणूस नोकरदार होता. माहितीपुस्तिका साहेबांच्या कपाटात कुलूपबंद असे. काम करणाऱ्याजवळ असे ती त्याची स्वतःची वही. कोणती कळ दाबल्यावर कोणता संदेश येतो, कोणते कार्ड काढून पुसून पुन्हा बसवले की यंत्र चालू होते, पावसाळ्यात कोणता भाग आधी बिघडतो, हे त्या वहीत आणि त्याच्या हातात होते. म्हणून पाश्चात्य प्रतिमानातील 'हौशी मालक' हा ज्ञानाचा वाहक आपल्याकडे जवळजवळ नाही. त्याची जागा निवृत्त ऑपरेटरने, देखभाल-तंत्रज्ञाने आणि डीटीपी करणाऱ्या माणसाने घेतली आहे. ज्ञानसंग्रहाची रचना ठरवताना हा फरक लक्षात घेतला नाही, तर सर्वांना खुला असलेला मंचही रिकामाच राहील.

३. उपलब्ध इतिहासलेखन

भारतीय संगणनाच्या इतिहासावर गंभीर लेखन झालेले आहे. व्ही. राजारामन यांचा १९५५ ते २०१० या कालखंडाचा आढावा, आर. के. श्यामसुंदर व एम. ए. पै यांनी संपादित केलेला होमी भाभा आणि संगणकक्रांती यांवरील २०११ चा ग्रंथ, तसेच दिनेश शर्मा यांचे 'द लाँग रिव्होल्यूशन' (२००९) व 'द आउटसोर्सर' (२०१५) हे ग्रंथ या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. त्यांचे ऋण मान्य करूनही दोन मर्यादा नोंदवाव्या लागतात. पहिली, हे लेखन इंग्रजीत आहे. दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. या लेखनाचा भर संस्था, शासकीय धोरण आणि उद्योग यांवर आहे. कोणी निर्णय घेतला, कोणते यंत्र कधी आले, कोणती कंपनी वाढली, हे त्यातून कळते. यंत्र रोज सकाळी सुरू कोण करीत असे आणि ते कसे, हे त्यातून फारसे कळत नाही.

संग्रहालयांची स्थितीही याहून वेगळी नाही. यंत्र काचेआड ठेवले म्हणजे ते जतन झाले, असा आपला समज असतो. वस्तुतः बंद पडलेला संगणक ही केवळ धातूची पेटी असते. ती चालवण्याचे ज्ञान तिच्याबाहेर, माणसांत आणि कागदांत असते. दुसऱ्या महायुद्धात संकेतभंजनासाठी इंग्लंडमध्ये बांधलेल्या 'कोलोसस' यंत्राचे उदाहरण येथे बोलके आहे. युद्धानंतर ती यंत्रे मोडण्यात आली आणि आराखडे नष्ट करण्यात आले. टोनी सेल यांनी १९९३ मध्ये ब्लेचली पार्क येथे त्याची पुनर्बांधणी हाती घेतली, तेव्हा हाताशी मोजकी छायाचित्रे, अभियंत्यांनी नियम मोडून जवळ ठेवलेले आराखड्यांचे काही तुकडे आणि हयात अभियंत्यांच्या आठवणी एवढेच होते. २००७ पर्यंत चाललेल्या या कामाने पूर्ण आकाराचे, चालते यंत्र उभे राहिले. आठवण आणि कागदाचा तुकडा यांची सांगड घातली तर यंत्र पुन्हा बोलू शकते, हे यातून सिद्ध झाले. मात्र आठवणारी माणसे हयात असणे ही त्याची पूर्वअट होती.

४. मराठी कोशपरंपरेतील तीन प्रतिमाने

सामूहिक ज्ञाननिर्मिती मराठीला नवी नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी नागपूर येथे मर्यादित कंपनी स्थापून आणि पुढे पुण्यात काम हलवून 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' २३ खंडांत सिद्ध केला. भागभांडवल, वर्गणीदार आणि विक्रेत्यांचे जाळे यांवर उभा राहिलेला हा उद्योग होता. ज्ञानासाठी लागणारा पैसा वाचकांकडूनच उभारता येतो, हा त्याचा धडा आजही उपयोगी आहे. परंतु लेखनाची सूत्रे मुख्यतः संपादकाच्या हाती होती. वाचक हा आश्रयदाता होता, लेखक नव्हता.

दुसरे प्रतिमान मराठी विश्वकोशाचे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली १९६० मध्ये स्थापन झालेल्या मंडळाने ही योजना हाती घेतली. पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि विसावा खंड पूर्ण होईपर्यंत २०१५ साल उजाडले. विषयतज्ज्ञ, संपादक आणि परिभाषा यांची शिस्त ही विश्वकोशाची थोर देणगी आहे. संगणकासारख्या विषयाला मात्र मुद्रित कोशाचा अकारविल्हे क्रम जाचक ठरतो. ज्या अक्षराची पाळी येईल तेव्हा त्याची नोंद छापली जाणार आणि दरम्यान यंत्राच्या पिढ्या बदलणार. तज्ज्ञाची व्याख्या हा आणखी एक प्रश्न आहे. विश्वकोशाला अभिप्रेत तज्ज्ञ हा त्या शास्त्राचा अभ्यासक असतो; तीस वर्षे एकच यंत्र सांभाळलेला तंत्रज्ञ त्याच्या लेखकयादीत येत नाही.

तिसरे प्रतिमान विकिपीडियाचे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये 'विकी' ही पद्धती आणली. तिच्यावर आधारित इंग्रजी विकिपीडिया २००१ मध्ये आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. येथे लेखकाचे दार सर्वांना उघडे आहे आणि प्रत्येक बदलाचा इतिहास जपला जातो, हे दोन गुण कोणत्याही सामूहिक संग्रहाला आदर्शवत आहेत. परंतु विकिपीडियाचा एक मूलभूत दंडक आहे. मजकूर प्रकाशित व विश्वासार्ह संदर्भावरून पडताळता आला पाहिजे आणि लेखकाने स्वतःचे नवे संशोधन तेथे मांडू नये. सर्वसाधारण कोशासाठी हा दंडक योग्यच आहे; तो नसता तर कोशाचे चावडीवरील गप्पांत रूपांतर झाले असते. मात्र ज्या ज्ञानाविषयी काही छापलेच गेले नाही, ते या दाराशी येऊन थांबते. अचल प्रभाला यांनी २०११ मध्ये भारत व दक्षिण आफ्रिकेत मौखिक संदर्भांचा एक प्रयोग केला. मल्याळम, हिंदी आणि नॉर्दर्न सोथो या भाषांत लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्या लेखांना आधार म्हणून जोडण्यात आल्या. त्यावर झालेल्या वादात प्रश्न नेमका हाच होता, की मुलाखत हा संदर्भ मानावा की नवे संशोधन.

तिन्ही प्रतिमानांचा एकत्रित विचार केल्यास असे दिसते, की केतकरांकडे संपादक, विश्वकोशाकडे तज्ज्ञ आणि विकिपीडियाकडे प्रकाशित संदर्भ हा ज्ञानाचा प्रमाणकर्ता आहे. प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाची साक्ष या तिहींपैकी कोणीच केंद्रस्थानी ठेवलेली नाही. कारण कोश ही ज्ञानप्रक्रियेची शेवटची पायरी आहे. आधीची पायरी बांधलेली नसताना आपण शेवटच्या पायरीवर उभे राहू पाहतो आहोत.

५. साधनसंग्रहाचे प्रतिमान

ही आधीची पायरी कोणती, याचे उत्तर मराठी इतिहाससंशोधनाने सव्वाशे वर्षांपूर्वी दिले आहे. वि. का. राजवाडे यांनी मराठ्यांचा इतिहास लिहिण्याची घाई केली नाही. बखरींवर विसंबून सांगितला जाणारा इतिहास त्यांना मान्य नव्हता. त्यांनी गावोगावची दफ्तरे धुंडाळली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडशः प्रसिद्ध केली. या मालेचे २२ खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने हीच दृष्टी पुढे नेली. पत्र जसे आहे तसे छापावे, ते कोठे मिळाले ते सांगावे, आपले मत प्रस्तावनेत वेगळे मांडावे, ही ती शिस्त. साधन आणि भाष्य यांची सरमिसळ न करणे हे तिचे सार होते.

जुन्या संगणकांच्या संग्रहाला हीच शिस्त लागू करता येईल. मात्र राजवाड्यांचा आग्रह समकालीन कागदावर होता आणि उत्तरकालीन कथनाविषयी त्यांना संशय होता, याचा विसर पडता कामा नये. येथे तर आपण निवृत्त माणसांच्या आठवणींना साधन मानू पाहतो. ही विसंगती टाळण्यासाठी संग्रहातील प्रत्येक नोंद तीन वर्गांपैकी कोणत्या वर्गातली आहे, हे स्पष्ट असले पाहिजे.

(अ) वस्तू : यंत्राची व त्यातील मंडलफलकांची छायाचित्रे, सुट्या भागांवरील क्रमांक, स्मृतिचकत्यांतील मजकुराची जशीच्या तशी घेतलेली प्रत व तिची पडताळणी-संख्या. स्मृतिचकतीतील एक बिट जरी बदलला तरी ही संख्या बदलते. त्यामुळे दोन ठिकाणच्या प्रती एकच आहेत की नाहीत, हे कोणालाही तपासता येते.

(आ) कागद : माहितीपुस्तिका, खरेदीची देयके, देखभालीच्या नोंदी, ऑपरेटरची वही.

(इ) कथन : मुलाखतीचे ध्वनिमुद्रण, तिचा दिनांक, मुलाखत घेणाऱ्याचे नाव आणि सांगणाऱ्याने ज्या काळात जे काम केले त्याचा तपशील.

कथन हे वस्तू किंवा कागद यांच्याशी जोडलेले असेल तर त्याचे मूल्य वाढते. कथने परस्परविरोधी असतील तर ती शेजारी-शेजारी ठेवावीत. त्यांचा निकाल संपादकाने लावू नये. याचे एक बोधप्रद उदाहरण टिफ्रॅकचेच आहे. भारतात पूर्णतः घडलेला पहिला संगणक कोणत्या वर्षाचा, असे विचारले तर १९५६, १९६० आणि १९६२ अशी तीन उत्तरे ऐकू येतात. तिन्ही खरी आहेत. १९५६ मध्ये प्रायोगिक यंत्र चालू झाले, १९६० मध्ये पूर्ण आकाराचे यंत्र कार्यान्वित झाले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्याचे नामकरण झाले. एकच वर्ष निवडून बाकीची खोडणाऱ्या नोंदीपेक्षा 'कोणती घटना?' असा प्रश्न विचारणारी नोंद अधिक ज्ञान देते.

६. परिसराचा संदर्भ

पालघर हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला जिल्हा आहे. त्याचा औद्योगिक इतिहास मात्र त्याहून पुष्कळ जुना आहे. तारापूर येथील अणुविद्युत केंद्राची पहिली दोन एकके १९६९ मध्ये कार्यान्वित झाली आणि ५४० मेगावॉट क्षमतेची तिसरी व चौथी एकके २००५-०६ मध्ये सुरू झाली. या दोहोंमधील साडेतीन दशके ही उपकरणनियंत्रणाच्या तंत्राचा चेहरामोहरा बदलण्याची दशके होती. बोईसरलगतच्या तारापूर औद्योगिक क्षेत्रात रसायने, औषधे, वस्त्रोद्योग आणि पोलाद यांचे कारखाने उभे राहिले. अशा उद्योगांत यंत्राचे आयुष्य वीस-तीस वर्षांचे असते, तर त्याला जोडलेल्या संगणकाचे आयुष्य बाजाराच्या हिशेबाने जेमतेम सहा-सात वर्षांचे. परिणामी प्रयोगशाळेतील विश्लेषक उपकरण उत्तम चालते, पण त्याची आज्ञावली केवळ डॉसवर चालते आणि त्याचे कार्ड आजच्या संगणकात बसत नाही, अशी अवस्था जगभरच्या कारखान्यांत येते. येथे जुना संगणक हा हौसेचा विषय राहत नाही. तो उत्पादन थांबण्या-न थांबण्याचा प्रश्न होतो.

जतनाच्या दृष्टीने हा परिसर प्रतिकूल आहे. समुद्राची खारी हवा आणि रसायनांचा अंश यांनी तांब्या-चांदीचे जोड लवकर गंजतात. जुन्या मुख्य फलकांवरील निकेल-कॅडमियमची बॅटरी पाझरली की तिच्यातील क्षार तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. लवचीक चकतीवरील चुंबकीय थर झिजतो, ईप्रॉममधील विद्युतभार काळाच्या ओघात निसटतो. दशकभर बंद पेटीत ठेवलेले यंत्र 'सुरक्षित' असते, हा समज म्हणूनच फसवा आहे.

या परिसराचे आणखी एक ज्ञानभांडार दुर्लक्षित राहिले आहे, ते म्हणजे मराठी अक्षरजुळणीचे. १९९० च्या दशकात तालुक्याच्या गावांतील डीटीपी केंद्रांनी लग्नपत्रिकांपासून साप्ताहिकांपर्यंत आणि स्मरणिकांपासून महाविद्यालयीन नियतकालिकांपर्यंत सर्व मजकूर संगणकावर जुळवला. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही प्रमाण संकेतावली १९९१ मध्ये निश्चित झाली होती; पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञान पुरवले होते. तरीही श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या प्रणालींच्या टंकांची अक्षरस्थाने निरनिराळी राहिली. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडला आधार मिळाला, तेव्हा त्या जुन्या धारिका मागे पडल्या. टंक नसताना त्या उघडल्या की पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. कोणत्या कळीवर कोणते अर्धे अक्षर होते, हे ज्यांच्या बोटांना आजही आठवते अशी माणसे आपल्या आसपास आहेत. त्यांच्याकडून अक्षरस्थानांचे तक्ते करून घेतले, तर आपल्याच महाविद्यालयांच्या जुन्या वार्षिकांकांचा मजकूर पुन्हा वाचता येईल. मराठी विभागाला संगणकशास्त्र विभागाची गरज लागावी, असे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

भाषेचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. विश्वकोशीय परिभाषेत ज्याला 'धारित्र' म्हणतात, त्याला विद्यार्थी 'कपॅसिटर' म्हणतो आणि जुना दुरुस्तीकार 'कंडेन्सर' म्हणतो. संग्रहात तिन्ही शब्दांवरून एकाच नोंदीकडे पोहोचता आले पाहिजे, आणि कथनात तर सांगणाऱ्याचाच शब्द राहिला पाहिजे. बोईसरच्या कारखान्यांतील तंत्रज्ञ मराठीबरोबरच हिंदी आणि गुजराती बोलतात; किनाऱ्यावर मांगेली व वाडवळी बोलल्या जातात. प्रमाण मराठीची अट घातली, तर साक्ष देणारे निम्मे लोक बोलण्याआधीच गप्प होतील. भाषांतर नंतर करता येते. न बोललेल्या गोष्टीचे भाषांतर होत नाही.

७. आक्षेप आणि मर्यादा

या मांडणीवर तीन आक्षेप संभवतात. पहिला, आठवण दगा देते. हे खरेच आहे. माणूस स्वतःचे महत्त्व वाढवून सांगतो, दोन यंत्रांचे अनुभव एकात मिसळतो, साल चुकवतो. म्हणूनच कथन हा स्वतंत्र वर्ग ठेवून ते वस्तू व कागद यांच्याशी ताडून पाहण्याची सोय हवी. तांत्रिक ज्ञानाला येथे एक सवलतही आहे. अमुक तार अमुक ठिकाणी जोडली की यंत्र चालते, हे विधान यंत्रावर तपासता येते; राजकीय बखरीतील विधानाला ही कसोटी लावता येत नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार संगणक आज्ञावली ही साहित्यकृतीत मोडते आणि अशा कृतीचे संरक्षण दीर्घकाळ टिकते. त्यामुळे माहितीपुस्तिका वा आज्ञावली जशीच्या तशी सर्वांस खुली करणे अनेकदा शक्य होणार नाही. तारापूरच्या बाबतीत याहून कठोर मर्यादा आहे. अणुऊर्जाविषयक कायद्यान्वये अणुसंयंत्रांविषयीच्या माहितीच्या प्रकटनावर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र शासनाला आहे. संग्रहाच्या संपादकांनी हे बंधन अडचण म्हणून नव्हे, तर नियम म्हणून आधीच लिहून ठेवावे. संयंत्राच्या रचनेविषयी प्रश्नच विचारू नयेत. निवृत्त कर्मचाऱ्याला हौसेपोटी अडचणीत आणणारा संग्रह कितीही समृद्ध असला, तरी तो अनैतिक ठरेल. सर्वसाधारण उपयोगाची यंत्रे, कार्यालयीन संगणन, शाळा-बँका, डीटीपी आणि खाजगी कारखान्यांच्या संमतीने मिळणारी माहिती एवढे क्षेत्रही अनेक वर्षांच्या कामाला पुरेसे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहार्य आहे. हे करणार कोण आणि टिकवणार कोण? महाविद्यालयीन प्रकल्पांचे आयुष्य अनुदानाच्या अखेरच्या हप्त्याबरोबर आणि मूल्यांकनाच्या अहवालाबरोबर संपते, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. संकेतस्थळ उद्घाटनाच्या दिवशी झळकते आणि नूतनीकरणाचे शुल्क न भरल्याने दोन वर्षांत नाहीसे होते. यावर उपाय दोन. एक, संग्रहाची संपूर्ण प्रत साध्या, खुल्या स्वरूपात एकाहून अधिक संस्थांच्या ग्रंथालयांत ठेवावी. कोणत्याही एका सर्व्हरवर त्याचे अस्तित्व अवलंबून नसावे. दोन, संकलनाचे काम नव्या पदवी अभ्यासक्रमांतील क्षेत्रप्रकल्प व समुदाय-सहभाग यांच्या श्रेयांकांशी जोडावे. एका विद्यार्थ्याने एका यंत्राचे वस्तुपत्रक आणि एका व्यक्तीचे कथन एवढे जरी नीट केले, तरी त्याला संशोधनाची शिस्त मिळते आणि संग्रह दरवर्षी वाढतो. विद्यार्थ्यांकडून अपेक्षा लेखाची नसावी, साधनाची असावी. महाजालावरून उतरवलेल्या प्रकल्पांना हा एक प्रामाणिक पर्याय ठरेल.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. भारतीय संदर्भात जुन्या संगणकांचे ज्ञान मालकांकडे नसून ज्यांनी ते चालवले त्यांच्याकडे आहे. मराठीतील कोशपरंपरा समृद्ध असली, तरी तिची तिन्ही प्रतिमाने या साक्षीला जागा देऊ शकत नाहीत, आणि त्यांनी ती द्यावी अशी अपेक्षाही करू नये. कोशाआधी साधने, ही राजवाड्यांची शिस्त वस्तू, कागद व कथन या तीन वर्गांत मांडली, तर सामूहिक संग्रह विश्वासार्ह होऊ शकतो. त्यावरून पुढे कोशकार आपले काम करतील.

यात वेळेचा प्रश्न गंभीर आहे. १९६९ च्या सुमारास पंचविशीत कामाला लागलेला तंत्रज्ञ आज ऐंशी ओलांडून गेला आहे. वस्तूंच्या बाबतीतही मुदत आखूनच दिलेली आहे. ई-कचऱ्याविषयीचे पहिले नियम २०१२ पासून अमलात आले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या २०२२ च्या नियमांनुसार मोठ्या प्रमाणावर उपकरणे वापरणाऱ्या संस्थांनी जुने संगणक नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरणकर्ता किंवा पुनर्चक्रक यांच्याकडेच सोपवावयाचे आहेत. पर्यावरणाच्या दृष्टीने हे आवश्यक आहे; परंतु पुनर्चक्रणानंतर वस्तू हे साधन कायमचे नाहीसे होते. निर्लेखन थांबवावे अशी मागणी येथे मुळीच नाही. कोणत्याही महाविद्यालयाला प्रत्येक जुना संगणक सांभाळणे परवडणारे नाही आणि त्याची आवश्यकताही नाही.

मागणी एवढीच आहे, की निर्लेखन समितीच्या प्रपत्राला एक पान जोडावे. त्या पानावर यंत्राची दोन छायाचित्रे असावीत आणि तीन प्रश्नांची उत्तरे असावीत : या यंत्रावर कोणी काम केले, कोणते काम केले, आणि ते पुन्हा चालवायचे झाल्यास काय लागेल. उत्तरे देणारी व्यक्ती अजून आपल्या कार्यालयात, प्रयोगशाळेत किंवा निवृत्त होऊन गावातच असते. यासाठी अनुदान लागत नाही, सामंजस्य करार लागत नाही. एका शिपायाला, एका प्रयोगशाळा-सहायकाला आणि एका प्राध्यापकाला अर्धा तास एकत्र बसावे लागते. असे पान पालघर, बोईसर आणि तारापूर येथील प्रत्येक संस्थेने लिहिले, तर ज्ञानसंग्रहाचा पहिला खंड त्यातूनच तयार होईल.